वांग्यांच्या सऱ्यांखालचा नाला

आमचा नाला वर्षातले आठ महिने बकरीचे खूरही न भिजवणारा. पण त्या साली लागोपाठ दोन वादळी पाऊस झाले आणि दोन्ही वेळा तो काठ फोडून खालच्या मोहल्ल्यात घुसला. तिथे पिंजाऱ्यांची घरं. पिंजलेला कापूस, चुली, ज्वारी, सगळ्याचा एकच चिखल झाला. तेव्हा आमचा कारभार नागपूरहून चाले. तिथून हुकूम फिरत फिरत आला आणि तालुक्याचा ओव्हरसियर नाल्याकाठी सरळ दगडी भिंत आखून गेला.

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला ती भिंत पटेना. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याचंही घर खालच्याच मोहल्ल्यात होतं. त्याचं म्हणणं, नाला पूर्वी असा सरळ नव्हता, आमच्या मळ्यातून वळसा घालून जायचा आणि त्या वळणावर पाण्याचा जोर मोडायचा. तो वळसा माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी, लग्नाआधीच, काळ्या मातीने बुजवून त्यावर वांगी लावली, हे गावाला ऐकून ठाऊक होतं. पण नेमका कुठून, ते सांगायला सासरे उरले नव्हते. चुकीच्या जागी खोदलं असतं तर पावसाळ्याआधी पुन्हा खोदायला वेळ नव्हता.

चाचा फावडं न घेताच मळ्यात आला. मोटेचं पाणी सऱ्यांत वळवायचं काम माझ्याकडे होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या वांग्यांवर माझा भारी जीव. तो बांधावर टेकला आणि म्हणाला, "बेटी, कोन्त्या सरीले पानी जास्त लागते?"

प्रश्नाचा रोख मला तिथल्या तिथे कळला. काळ्या मातीखाली जिथे नाल्याची जुनी वाळू, तिथे पाणी झिरपून जाणार. तशी एक पट्टी होती, विहिरीपासून चिंचेपर्यंत. तिथली झाडं उन्हात सगळ्यांच्या आधी माना टाकत आणि मी तिथे पाणी दुप्पट वेळ धरून ठेवी. ओव्हरसियर मोजणीच्या साखळ्या ओढून दमला, त्याला जे सुचलं नाही ते हा अंगठेबहाद्दर माणूस बसल्या जागी विचारत होता. मनातून मी थक्क झाले. तोंडाने मात्र सांगितलं, सगळ्या सऱ्यांना सारखंच लागतं.

सासूबाई पलीकडे वांगी तोडत होत्या. चाचाचा प्रश्न त्यांच्या कानावर गेला असावा. माझं उत्तर गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी टोपली खाली ठेवली, लुगडं खोचलं आणि विहिरीपासून चिंचेपर्यंत त्या पट्टीत तुराटीच्या काड्या रोवत गेल्या. झाडं फळांनी लगडलेली होती. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी धड बोलले नाही.

काड्यांच्या रेघेवर खोदलं आणि कमरेइतक्या खोलीवर वाळू लागली. त्याआधी पिंजाऱ्यांच्या बायकांनी एकूण एक वांगं तोडून आमच्या अंगणात आणून टाकलं. ओव्हरसियरने येऊन पाहिलं आणि मुकाट्याने आपली आखणी बदलली. तो त्याचाही मोठेपणाच. वळणावरचे दगड चाचाने स्वतः बसवले. एकेक दगड चार-चार वेळा फिरवून बघायचा आणि मनासारखा बसला की हळूच थोपटायचा. ते बघता बघता माझा राग कधी गेला, मला कळलंही नाही.

पुढच्या पावसाळ्यात तसंच वादळ आलं. नाला गढूळ होऊन आला, वळणावर चढला, जरा घुटमळला आणि वळसा घालून निघून गेला. पाऊस उघडल्यावर खालच्या मोहल्ल्यातून चुलींचा धूर वर आला. मळ्याचे आता दोन तुकडे झाले होते. अलीकडच्या तुकड्यावर आम्ही दोघी तो धूर बघत उभ्या होतो. मला राहवेना. चाचाशी मी खोटं बोलले होते, ते सासूबाईंना सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "मीबी तेच सांगनार होती. तुह्या तोंडून आयकलं आन् मलेच लाज वाटली."