टॉवर ईशान्येलाच राहील

झांशीत लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत अलकनंदाबाईंचं घर कुणालाही विचारा, सांगणाऱ्याचं बोट आधी वर जाईल. गच्चीवर जाळीच्या चार मोठ्या छत्र्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या. सगळी गल्ली बाईंना 'केबलवाली काकी' म्हणते आणि त्यांना त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही. का वाटावं? नवरा, यज्ञेश्वर, गेला तेव्हा झाडून सगळे नातेवाईक म्हणाले, हा धंदा बाईमाणसाचा नव्हे, विकून मोकळी हो. बाईंनी तेरावा उरकला, चौदाव्या दिवशी पदर खोचला आणि शिडी चढल्या. त्याला आता सोळा वर्षं झाली. सल्ला देणारे अजून खालीच उभे आहेत.

खालच्या खोलीत त्यांची कंट्रोल रूम. छत्र्यांनी पकडलेले चॅनल तिथून तारेने तीनशे घरांत जातात. त्यात मराठी घरं अवघी अकरा, आणि तिथली पोरंही आईला हिंदीत उत्तर देणारी. तरी एक छत्री बाईंनी मराठी चॅनलसाठी राखलेली. "काकी, ग्यारह घरों के लिए पूरी छतरी?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "बारहवाँ आएगा, भैया. तुम चिंता मत करो."

छत्री बसवायची त्यांची रीत ठरलेली होती, यज्ञेश्वरने घालून दिलेली. छत्री आली की लगेच पक्की करायची नाही. गच्चीवर छोटा टीव्ही मांडायचा, तार जोडायची आणि दोन माणसं लावून छत्री गच्चीभर फिरवायची. इथे ठेव, तिथे ठेव, जरा डावीकडे घे. चित्र सगळ्यात स्वच्छ दिसेल तिथेच बोल्ट. जागा चुकली तर पुढे कितीही डोकं आपटा, काही होत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी जागाच चुकली. तीही शेजाऱ्याची.

शेजारी म्हणजे रमाकांतराव. मूळचे अमरावतीचे, सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर बनवून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांची गच्ची बाईंच्या गच्चीच्या ईशान्येला, कोपऱ्याला कोपरा लागून. एका मोबाइल कंपनीने ती भाड्याने घेतली आणि वर फाइव्ह-जीचा टॉवर उभा केला. माणसाच्या तिप्पट उंच पोल, खाली काँक्रीटचे ठोकळे, बस. उभा कुठे केला? त्यांच्या नैऋत्य कोपऱ्यात. म्हणजे बाईंच्या छत्र्यांपासून दहा-बारा पावलांवर!

सोमवारी अकरा वाजता टॉवर चालू झाला आणि सव्वाअकराला बाईंचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. सगळ्या घरांत चित्राचे चौकोन चौकोन. माणसाचं नाक एकीकडे, तोंड दुसरीकडे. बाईंनी फिल्टर आणून लावले. थोडा फरक पडला, पण थोडाच. आभाळातून येणारा सिग्नल म्हणजे कानातली कुजबुज, आणि हा शेजारी बसून ढोल बडवतोय. कुजबुज ऐकू येणार कशी? आठवड्याभरात चाळीस घरांनी तार काढून टाकली. आणखी दोन आठवडे असेच गेले तर कंट्रोल रूमला कुलूप, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

कंपनीचा अनुप नावाचा तरुण इंजिनिअर आला. पोरगा भला होता. म्हणाला, "काकी जी, टॉवर नियम में है. और मैंने तो दूसरा कोना बोला था. अंकल जी ने कहा, साउथ-वेस्ट में ही लगेगा."

"क्यों?"

"वास्तु."

बाई एकदम हसल्या. मग हसणं गेलं आणि राग चढला. तशाच चपला सरकवून शेजारी गेल्या.

रमाकांतराव वर्तमानपत्र वाचत होते. "या वहिनी," म्हणाले. "जड वस्तू नैऋत्येला. शास्त्र आहे."

"आणि माझे तीनशे घर?"

"तीनशे घरं," रमाकांतरावांनी सुधारलं. बाईंच्या झांशीच्या मराठीला ते नेहमीच अशी इस्त्री करत. "आणि खरं सांगू? केबलचे दिवस गेले आता. मुलं मोबाइलवर बघतात सगळं."

"माझे दिवस कधी गेले ते मी ठरवीन! मला टॉवर नको असं मी म्हटलंय का? पाहिजे तिथे लावा, खुशाल लावा. फक्त तुमच्या ईशान्य कोपऱ्यात न्या. मध्ये तुमची जिन्याची खोली येते, पाण्याची टाकी येते. त्यांच्या आड माझ्या छत्र्या वाचतील."

"ईशान्येला?" रमाकांतरावांनी चष्मा काढला. "ती देवाची जागा!"

"कारखान्यात छत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर काय दिशा बघून ठेवलेत तुम्ही?"

"तो कारखाना सरकारचा होता. हे घर माझं आहे."

पण बाई घरी गेल्या नाहीत. त्यांनी अनुपला बोलावलं, छोटा टीव्ही रमाकांतरावांच्या गच्चीवर आणून कठड्यावर मांडला, आपल्या कंट्रोल रूमची तार त्याला जोडली आणि रमाकांतरावांच्या बायकोला, सरलाताईंना, समोर खुर्ची दिली. मराठी मालिका चालू होती. टॉवर बंद, नायिकेचा चेहरा लख्ख. टॉवर चालू, चौकोन. पुन्हा बंद, पुन्हा लख्ख. पाचव्यांदा चौकोन आले तेव्हा सरलाताई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आठ दिवस मी समजत होते की आपला टीव्हीच बिघडला."

अनुप म्हणाला, पोल हलवायला कंपनीची हरकत नाही, उलट त्या बाजूने तालाकडचा भाग मोकळा मिळेल. फक्त घरमालकाचा होकार हवा. सगळे रमाकांतरावांकडे बघू लागले. त्यांनी ईशान्य कोपऱ्याला हात जोडले. माणूस दुष्ट नव्हता हो, घाबरट होता.

"समजा हलवला," ते म्हणाले. "आणि घरात काही वाईट झालं? जबाबदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तोंडी नको. लिहून द्या."

छत्तीस वर्षांची सरकारी नोकरी ती! बाईंनी आपल्या ग्राहकांच्या तक्रारवहीचं पान टरकन फाडलं. पेनचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं, खोटं कशाला सांगा. त्यांचीही तुळस ईशान्येलाच होती, आणि लहानपणापासून त्या कोपऱ्यात त्यांनी साधी बादलीसुद्धा ठेवली नव्हती. पण खाली कंट्रोल रूम होती आणि ती जगायला हवी होती. त्यांनी लिहिलं: 'रमाकांतरावांच्या ईशान्य कोपऱ्यात टॉवर माझ्या सांगण्यावरून बसला आहे. त्यामुळे या घरावर जे येईल त्याला जबाबदार मी.' खाली सही, तारीख. रमाकांतरावांनी त्याच्या तीन प्रती काढून आणल्या, एक बाईंना दिली, एक कपाटात ठेवली आणि एक देवघरात.

रविवारी टॉवर हलला. चालू केला आणि बाई टीव्हीसमोर श्वास रोखून बसल्या. एक चौकोन नाही! तुटलेली घरं एकेक करून परत यायला लागली. पहिले आठ दिवस बाई रोज सकाळी शेजारच्या घराकडे बघून घेत, सगळं ठीक आहे ना म्हणून. मग हळूहळू विसरल्या.

एकोणिसाव्या दिवशी रमाकांतराव ईशान्य कोपऱ्यात गंगाजल शिंपडायला निघाले, जिन्यात पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं.

सगळ्या गल्लीचे डोळे बाईंच्या दाराकडे वळले. संध्याकाळी सरलाताई दारात आल्या, डोळे खाली. "हे म्हणतायत, टॉवर परत नैऋत्येला. अनुपला फोन केलाय यांनी. तो आलाय."

बाईंनी फडताळातून आपली प्रत काढली आणि निघाल्या. रमाकांतराव पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, शेजारी अनुप अवघडून उभा. समोर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, बाईंच्याच तारेवर, अगदी गवताचं पातं दिसेल इतकं स्वच्छ.

"बघितलंत?" रमाकांतरावांनी प्लास्टरकडे बोट दाखवलं. "तुम्ही लिहून दिलं होतंत."

"दिलंय. नाही कुठे म्हणते?" बाईंनी कागद उघडून त्यांच्या पोटावर ठेवला. "जबाबदार मी. म्हणजे हा पाय माझा. प्लास्टर निघेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मी येईन. उठवीन, बसवीन, डॉक्टरकडे नेईन, सरलाताईंना एक पाऊल जास्त टाकू देणार नाही. पण टॉवर परत हलवीन असं यात कुठे लिहिलंय? चष्मा लावा आणि दाखवा."

रमाकांतरावांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. आयुष्यभर लेखी कागदापुढे मान तुकवलेला माणूस तो! कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो बाईंना परत दिला. सरलाताईंनी तोंडाला पदर लावला.

"अनुप भैया, आप जाइए," बाई म्हणाल्या. "टॉवर वहीं रहेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई हातात चहाचा थर्मास घेऊन पलंगाशी हजर.

"चला, उठा रमाकांतराव. माझा पाय कसा आहे?"