भिंतीपलीकडचा एक तास

आमच्या कॉलनीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा हाडांच्या वॉर्डात प्रमुख म्हणून. दोन धाकट्या भावांची शिक्षणं आणि संसार मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर शहराबाहेर आमच्या कॉलनीत त्यांनी एक छोटं रो-हाऊस घेतलं. मी तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे घर दाखवायला मीच गेलो होतो. लोक नळ सोडून बघतात, कपाटं उघडून बघतात. या बाई मागच्या रिकाम्या खोलीत डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काय बघताय?" मी विचारलं.

"बघत नाही, ऐकतेय," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हेच घर घेते."

शांतता ही आमच्या कॉलनीची मिरवायची गोष्ट होती. बेचाळीस घरं, एकच गेट, हॉर्न वाजवायला बंदी. आमच्याकडचं कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी इकडेतिकडे बघायचं. सिस्टरना असंच घर हवं होतं. इतक्या वर्षांच्या नाइट ड्युट्यांनी त्यांची झोप पार नासली होती. रात्रभर कूस बदलत पडायच्या. दुपारी जेवण झालं की दोन-अडीच तास डोळा लागायचा, तीच काय ती झोप.

आणि नेमके शेजारी टकटक आजोबा. हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि आजोबांना ते आवडायचंही. बसची बॉडी बांधायच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी विमानाने यावं लागेल इतक्या लांब. मागच्या खोलीत बसून ते लाकडाचं काहीबाही करत: स्टूल, पक्ष्यांसाठी घरटी, मुलांना ओढायच्या गाड्या. त्या खोलीची आणि सिस्टरच्या झोपायच्या खोलीची भिंत एकच होती.

सिस्टर आधी स्वतः जाऊन बोलल्या, अगदी नीट. आजोबा म्हणाले, "बाई, माझी नजर अधू. दुपारीच त्या खिडकीत ऊन येतं, तेव्हाच मला खिळा दिसतो." महिनाभर सिस्टरनी सोसलं, मग कमिटीला अर्ज दिला. आम्ही ठराव केला: दुपारी दोन ते पाच ठोकाठोकी बंद. पत्र द्यायला मीच गेलो. आजोबांनी कागद हात लांब करून वाचला.

"मग सकाळी चालेल?"

"सकाळी बरेच जण घरून काम करतात, आजोबा."

"मग कधी करू?"

कमिटीला विचारून सांगतो म्हणालो आणि निघालो. कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आवाज थांबला. पाच महिने त्या घरातून टाचणी पडल्याचाही आवाज आला नाही. आजोबा संध्याकाळी काठी टेकत एक फेरी मारायचे. सिस्टर दिसल्या तर मान लववायचे, थांबायचे मात्र नाहीत.

मग एका मंगळवारी दुपारी तीन वाजता माझा फोन वाजला. सिस्टर होत्या. "सेक्रेटरीसाहेब, यांचं परत सुरू झालंय. दोन-तीन ठोके, मग थांबतात, मग पुन्हा. डोळा लागला की टक."

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो.

मी आजोबांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मला वाटलं, म्हातारा रुसलाय, मुद्दाम उचलत नाही. माझ्या दारापासून त्यांचं दार चाळीस पावलांवर होतं. मी बँकेची कागदपत्रं लावत बसलो होतो, तसाच बसून राहिलो. सिस्टरनी कानात कापसाचे बोळे घातले आणि कुशीवर वळल्या. चारच्या सुमाराला ठोके थांबले. सिस्टरना वाटलं, मी बोललो. सिस्टरचा पुन्हा फोन आला नाही म्हणून मला वाटलं, फोन बघून आजोबा समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या दारातलं वर्तमानपत्र तसंच पडलेलं होतं. रस्ता झाडणाऱ्या बाईंनी गेटवर सांगितलं. वॉचमन आणि मी मागचं दार मोडून आत गेलो. आवाज ऐकून सिस्टरही धावत आल्या. आजोबा मागच्या खोलीत भिंतीशी पडले होते. काठीचं पितळी मुठीचं टोक भिंतीकडे होतं आणि भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाचे टवके उडाले होते. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. अंग गार पडलेलं दिसत होतं, तरी त्यांनी मनगट हातात धरलं. मग आजोबांच्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या पावलाकडे बघितलं.

"खुबा मोडलाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना उठताच आलं नसेल."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पडल्यावर खुबा मोडला, दुखण्याचा ताण हृदयाला झेपला नाही. संध्याकाळपर्यंत तग धरला असावा.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सगळं उरकल्यावर ती पुढच्या खोलीत वडिलांच्या खुर्चीत बसली होती. सिस्टर आत शिरत होत्या, तर मी त्यांना दारातच अडवलं. "आता सांगून काय होणार? पोरीला आणखी त्रास."

"तिच्या वडिलांचं मरण आहे ते. तिला कळायला हवं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"त्यांनी भिंतीवर ठोकलं होतं. मी ऐकलं. मला वाटलं, त्यांचं काम चाललंय. मी आले नाही."

मुलीला आधी समजलंच नाही. मग तिने विचारलं, "किती वेळ?"

"तासभर."

"तुम्ही नर्स होतात ना? बाबा फोनवर सांगायचे. शेजारी नर्स राहते, काळजी करू नकोस म्हणायचे."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "तुम्ही जा आता."

मी तिथेच होतो. सिस्टरनी मला फोन केला होता, तपास करायचं काम माझं होतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. सिस्टरनीही माझं नाव घेतलं नाही. मी त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो.

त्यानंतर सिस्टर दुपारी झोपल्याच नाहीत. वार्षिक सभेत उभं राहून त्यांनी तो ठराव मागे घ्या म्हणून सांगितलं. सभेने आजोबांना श्रद्धांजली वाहिली आणि ठराव तसाच ठेवला. मग त्यांनी आपणच एक काम अंगावर घेतलं. कॉलनीत एकटी राहणारी अकरा माणसं होती. रोज सकाळी त्या अकरा दारांची बेल वाजवायच्या, माणूस डोळ्यांनी बघायच्या, "ठीक ना?" एवढं विचारून पुढे जायच्या. दोघातिघांना बरं वाटायचं. बाकीच्यांना कटकट वाटायची. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तर सकाळच्या बेलचा त्रास होतो म्हणून कमिटीकडे लेखी तक्रार केली. ती मी सिस्टरना दाखवली नाही. पण कुणीतरी तोंडावर बोललंच असणार, कारण पुढे सिस्टर त्या अधिकाऱ्यांच्या दाराशी बेल न वाजवता नुसत्या उभ्या राहायच्या, आतून खोकल्याचा किंवा भांड्यांचा आवाज आला की पुढे जायच्या.

तीन वर्षं त्यांनी हे केलं. पावसात छत्री घेऊन, तापातसुद्धा. मग फुप्फुसांचं दुखणं निघालं आणि त्या आपल्या जुन्या इस्पितळातच दाखल झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा चेहरा अगदी एवढासा झाला होता. पहिला प्रश्न त्या अकरा घरांचा. सगळे बरे आहेत म्हणालो. खरं तर मी एकाही दारात गेलो नव्हतो.

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही फोन केला होता. मी चाळीस पावलं चालून गेलो असतो तर… मुलीला ते मी सांगायला हवं होतं."

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, झोप लागली.

"मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल," त्या म्हणाल्या. "तिथे उभी होते ना, तेव्हा. मग वाटलं, उद्या बोलाल." जरा दम खाऊन म्हणाल्या, "दोघांनी मिळून सांगितलं असतं, तर मला थोडं हलकं झालं असतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. भाऊ आले, घर बंद करून किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. आजोबांच्या मुलीचा पत्ता कमिटीच्या वहीत होता. मी तिला पत्र लिहिलं, सगळं, जसं घडलं तसं. त्याला आता आठ महिने झाले. उत्तर आलेलं नाही.