बॉनेटवरचा हात

बॉनेट उघडायचं म्हणून मी ऐटीत खटका ओढला आणि मागे टाकीचं झाकण उघडलं. आगरच्या त्या अंगणात लाल गाडीचा मालक हसला. गाडी पारखायला मी सोबत आणलेले सरावलीचे मिस्त्री हसले नाहीत. गाडीआधी गिऱ्हाईकच तपासायला हवं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्रींचा कशावरच विश्वास नव्हता. नमस्काराच्या आधी त्यांचा हात बॉनेटवर जायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर जावा तसा. तिथेही गेला.

"सकाळी आठला गरम कशी?"

"मुलीला स्टेशनला सोडून आलो ना, मिस्त्री," मालक म्हणाला.

"बरं केलंत. आम्ही पुन्हा येतो. कधी ते सांगत नाही."

घाई मला होती. सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं होतं; आठवड्यातून दोनदा डहाणूहून वापी. एक पाळी चुकली की पाय सुजत, धाप लागे. हायवेवर रुसून बसणारी गाडी चालणारच नव्हती. म्हणून मी दोन जुन्या गाड्यांचा तक्ता केला होता: आगरची लाल पेट्रोल आणि तलासरीची पांढरी डिझेल. हॉर्सपॉवर, टॉर्क, मायलेज, डिकी. हॉर्सपॉवरमध्ये लाल इतकी पुढे होती, की बाकीचे रकाने मी नीट वाचलेच नव्हते.

मिस्त्रींनी तक्ता हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. "हा मोठा आकडा इंजिन सहा हजार आरपीएमला पळवलं की मिळतो. सासूला मागे बसवून गाडी किंचाळवत नेणार का, भाय? पांढरीचा जोर दोन हजारालाच हातात येतो." मग थांबून म्हणाले, "म्हणजे कागदावर. कागद पण माणसानेच लिहिलाय."

दोन दिवसांनी न सांगता आगरला गेलो. गार पडलेली लाल गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली, तीही निळा धूर सोडत. मालक या वेळी हसला नाही.

तलासरीची पांढरी पहिल्या चावीला सुरू झाली. त्यामुळे मिस्त्रींचा संशय जास्तच वाढला. ते खाली वाकले. "मीटर पन्नास हजार बोलतो, ब्रेकच्या पेडलचं रबर लाख बोलतं."

मालक निवृत्त मास्तर होते. ते आत गेले आणि मीटर बदलल्याचं बिल घेऊन आले. "सांगणारच होतो हो. तुम्ही बसू तर दिलं नाहीत!"

मिस्त्रींनी बिल उजेडात धरलं. तरी समाधान नाही. मास्तर, मास्तरीणबाई आणि मी, तिघांना गाडीत कोंबलं, एसी लावला आणि चढाकडे वळवली. "रिकामी कुणाची पण पळते." पांढरी न कुरकुरता वर पोचली, तेव्हा म्हणाले, "घे. पण लक्ष ठेव हिच्यावर." मिस्त्रींच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नाही.

लक्ष मात्र तेच ठेवत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला फाटकात हजर. बॉनेटवर हात, ऑइलची काडी, टायरला एक लाथ. चहा नको.

"अजून गाडीवर भरवसा नाही का?" मी एकदा विचारलं.

"गाडीवर बसला. तुझ्यावर नाही."

सासूबाई मागच्या सीटवरून विचारत, "मिस्त्री, पास का?"

"आजच्यापुरती."

दोन वर्षांत सासूबाईंची एकही पाळी चुकली नाही.

गेल्या शनिवारी मिस्त्री झोपेतच गेले. सासूबाईंना आम्ही सांगितलं नाही. मंगळवारी गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलंच, "आज मिस्त्री कुठे राहिले?"

"येतील," म्हणत मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. ऑइल बघायला दार उघडून खटका ओढला, तर टक्कन आवाज मागून आला.

बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "आधी टाकीचं झाकण लावा. मग डोळे पुसा. आईला संशय येईल."