चष्मो नाय, तर उजेड नाय

प्रयोगशाळेच्या दारात पेडणेकरबाई आधी स्वतःच्या बांगड्या काढत, मग घड्याळ, मग आमच्याकडे बघत. माझ्या बोटात एकदा अंगठी राहिली, तर केवढ्याने ओरडल्या! "काढ गो ती! लेझर तिच्यार आपटान डोळ्यात गेलो तर? डोळे काय फुकट मेळतत?"

कुडाळच्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. आईच्या आजारपणासाठी पुण्यातली संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या. जिन्यालगतच्या खोलीत त्यांनी दोन लेझर आणि रुबिडियम धातूची वाफ भरलेली काचेची नळी मांडली होती. एकच लेझर सोडला की वाफ तो गिळून टाकी. दुसरा नेमका जुळवून जोडीला दिला की तीच वाफ पहिल्याला वाट देई. दोन्ही उजेडांनी मिळून अणूंना एका तालात धरलेलं असे. "एकाचो टाळ चुकलो की सगळा भजन इस्कटता," बाई म्हणत. हे साधायला बाईंची आणि आम्हा विद्यार्थ्यांची वर्षं गेली. साधलं त्या दिवशी त्यांनी आनंदाने माझ्या पाठीत धपाटा घातला.

मग संस्थेचे अध्यक्ष पाहुणे आणि फोटोग्राफर घेऊन आले. हा उजेड जवळजवळ दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो. बाईंनी चष्मे पुढे केले.

"फोटोत चेहरा नको दिसायला?" म्हणत अध्यक्ष टेबलावर वाकू लागले.

बाईंनी तत्क्षणी वीज तोडली. राग आला की पाहुण्यांपुढेही त्यांना प्रमाण मराठी सुचत नसे. "चष्मो नाय, तर उजेड नाय. हय तुमचे डोळे माझी जबाबदारी!"

पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

पुढच्याच सुट्टीत त्यांच्या हुकमाने खोलीचं कुलूप तोडून आत सभागृहाच्या खुर्च्या रचल्या. नळी फुटली. जुळवलेले आरसे पोत्यात कोंबले. बाईंनी जाब विचारला, तर उद्धटपणाची नोटीस त्यांनाच! आणि आमचे प्राध्यापक चहा ढोसत म्हणाले, "बाईंचा स्वभावच तसा." कुलूप तोडणाऱ्याचा स्वभाव कुणी काढला नाही.

प्रयोग पुन्हा उभा राहिला नाही. बाई वेंगुर्ल्याहून एसटीने येत, तास घेत, कुणाशी न बोलता परत जात. गेल्या वर्षी हृदयविकाराने त्या गेल्या.

शोकसभेत अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बाईंच्या संशोधनामागे संस्था खंबीरपणे उभी होती."

मी उठले. "खोटं! तुम्ही त्यांची खोली फोडलीत."

"बस गो," मागून कुणीतरी पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला आणि पुढे जाऊन सगळं सांगू लागले. माईक बंद केला गेला. मी बोलतच राहिले.