माझ्या बहिणीने परत केलेले एकतीस कागद

आमच्या भागात दोन माणसं सगळ्यांना माहीत आहेत. एक मी आणि दुसरी माझी बहीण. मी माहीत आहे, कारण या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक खिडकीची जाळी आणि प्रत्येक शटर माझ्या हातचं आहे. आरोग्य केंद्राचं मोठं फाटकही मीच केलंय. सोळा वर्षं झाली, अजून करकरत नाही, कोणीही जाऊन बघावं. आणि बहीण माहीत आहे, कारण त्या फाटकाच्या आत ती नर्स आहे. म्हणजे होती. आता तेच सांगतो.

घरात तिला आम्ही बारकी म्हणतो. माझ्या खांद्यालाही लागत नाही. आवाज तर असा, की शेजारच्या खोलीत पंखा चालू असला तर ऐकू येत नाही. तिला नर्स मी केली. माझं शिक्षण सातवीपर्यंतच, पण तिचा अर्ज मी माझ्या अक्षरात भरला होता आणि तिथल्या कारकुनाने विचारलं होतं की हे सुंदर अक्षर कोणाचं. हे तिलाही मान्य आहे. विचारलं तर ती हसते फक्त.

गोष्ट तो कायदा आला तेव्हाची. देशात माणसं फार झाली, आता दोनच मुलं, असं वरून ठरलं. दोनाच्या वर गेलात तर सरकारी नोकरी नाही, सरकारी घराच्या यादीत नाव नाही. भिंतीभिंतीवर चार माणसांचं हसरं कुटुंब रंगवलं. माझ्या दुकानाच्या भिंतीवरही रंगवलं आणि त्यातला बाप माझ्यासारखा दिसतो असं लोक म्हणायचे. मी कायद्याच्या बाजूचा होतो. आजही आहे. दुकानासमोरच्या नळावर सकाळी जी रांग लागते ती मी वीस वर्षं बघतोय. ती कधी आखूड झालेली मी पाहिली नाही.

आणि मी नुसता बोलणारा नाही. दुसरी मुलगी झाली तसं मी स्वतः ऑपरेशन करून घेतलं. या रस्त्यावरचा पहिला पुरुष. लोक म्हणाले, आता याच्याने हातोडा उचलवत नाही. पंधराव्या दिवशी मी त्यांच्यासमोर एकट्याने शटर चढवून दाखवलं.

पण त्या ऑपरेशनसाठी मला सख्ख्या बहिणीने तंगवलं. तिची एक पद्धत होती. ऑपरेशनसाठी कोणीही आलं, बाई असो की पुरुष, ती त्या माणसाला एकट्याला आत घ्यायची. नवरा बाहेर, सासू बाहेर, आई बाहेर. मग काय करणार, कसं करणार, पुन्हा मूल होणार नाही म्हणजे नाही, हे सगळं सांगायची. विचारायची, कोणाच्या सांगण्यावरून आलात? आणि संमतीचा कागद त्या माणसाच्या हातात द्यायची. सही तिथे करायची नाही. कागद घरी न्यायचा, आठ दिवस ठेवायचा, विचार करायचा. नको वाटलं तर चूल पेटवायला घ्यायचा. हवं असलं तर स्वतः येऊन तिच्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. मी म्हटलं, बारके, मी तुझा भाऊ आहे, मला कशाला आठ दिवस? तर म्हणाली, दादा, बाहेर बायको बसलीय ना तुझी, तिला घेऊन घरी जा. गेलो. आठ दिवस कागद माझ्या हत्यारांच्या पेटीत होता.

बाकीच्या केंद्रांवर असं काही नव्हतं. तिथे जीप यायची, बायका भरायच्या, संध्याकाळपर्यंत मोकळं. कारण वरून प्रत्येक केंद्राला आकडा ठरवून दिलेला. आमच्या केंद्राला तीस. शुक्रवारी शिबिर होतं, बाहेरून सर्जन येणार होते आणि मंगळवारी मला केंद्राच्या शिपायाकडून कळलं की मोठ्या डॉक्टरांनी बारकीला सांगून टाकलंय, शुक्रवारी तीस झाले नाहीत तर बदली. नदीपलीकडच्या उपकेंद्रात. तिथे एक खोली, डॉक्टर महिन्यातून दोनदा, जायला दोन तास आणि शेवटची बस चारला.

बारकी सोळा वर्षं त्या केंद्रात होती. मागच्या क्वार्टरमध्ये ती आणि आई राहायच्या. या भागातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. रस्त्याने चालली तर दहा पावलांना एक पोर आडवं यायचं. हे सगळं तिच्या हातून जाणार होतं आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला राग आला. मोठा भाऊ कशाला असतो?

बुधवारी सकाळी मी दुकानाचं शटर ओढून घेतलं. बारकी कामावर गेल्यावर क्वार्टरमध्ये गेलो. आई म्हणाली, काय शोधतोस? म्हटलं, काही नाही, तू पड. तिची वही टेबलावरच होती. कोणाकोणाकडे कागद गेलाय त्या त्रेचाळीस जणींची नावं आणि पत्ते. मी उतरवून घेतले आणि स्कूटर काढली. शाईचा पॅडही बरोबर घेतला, म्हणजे माझं डोकं बघा किती पुढचं चालतं.

मला या भागात कोण ओळखत नाही? प्रत्येक दारात मान मिळाला. नवरा भेटला तर नवऱ्याकडून, सासू भेटली तर सासूकडून, बाई भेटली तर बाईकडून कागद घेतला. कुठे सही, कुठे अंगठा. कोणी काचकूच केली तर मी माझं स्वतःचं उदाहरण दिलं. संध्याकाळी पाचपर्यंत एकतीस कागद झाले. केंद्राला तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते मी एका दिवसात केलं होतं. फाटकातच मोठे डॉक्टर भेटले, जीपमध्ये चढत होते. त्यांना मी तिथेच सांगितलं, साहेब, एकतीस. ते जीपमधून खाली उतरले आणि माझ्याशी हात मिळवला.

बारकी आत सुया उकळत होती. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. म्हटलं, घे, तुझ्या भावाने आणलेत, आता कोण बदली करतो बघू.

तिने चिमटा खाली ठेवला, हात पुसले, खुर्चीवर बसली. एकेक कागद उचलून विचारायला लागली, हा कोणी दिला? मी सांगत गेलो. हा नवऱ्याने. हा सासूने. हा तिने स्वतः. बायकांनी स्वतः दिलेलेही बारकी वेगळे काढेना, म्हणून मी म्हटलं, अगं, ते तरी बाजूला ठेव, ते पक्के आहेत.

"दादा, तू सहा फुटांचा आहेस. दारात उभा राहिलास की घरात उजेड येत नाही," ती म्हणाली. "तुझ्यासमोर कोण नाही म्हणेल?"

मी म्हटलं, मी काय कोणाच्या डोक्यावर हातोडा धरला होता? ती म्हणाली, नाही धरलास, मला माहीत आहे. मग म्हणाली, उद्या सकाळी सातला गाडी काढ. मला वाटलं चिडली आहे, सकाळपर्यंत निवळेल.

निवळली नाही. सात वाजता फाटकापाशी उभी होती, गठ्ठा कापडी पिशवीत. रजा टाकली होती तिने. सोळा वर्षांत मला वाटतं ती तिसरी रजा.

तो गुरुवार मी विसरणार नाही. एकतीस घरं. प्रत्येक घरापाशी ती मला गाडीवरच बसायला सांगायची. आत जायची, बाईला एकटीला मागच्या बाजूला घेऊन बोलायची, कागद हातात द्यायची. वरची सही स्वतःच्या पेनने खोडलेली असायची आणि शेजारी नवा कोरा कागद. मग बाहेर येऊन मला बोलवायची आणि मला त्या बाईसमोर सांगावं लागायचं, माझं चुकलं, मी विचारल्याशिवाय नेला. पहिल्या चार घरांत ते वाक्य तिला माझ्याकडून दोनदा म्हणवून घ्यावं लागलं. एका सासूने तर मला विचारलं, तुमच्या घरात मोठं कोण, तुम्ही की ही?

दहाव्या-अकराव्या घराला इस्त्रीवाली. चौकात टपरी आहे तिची, माझ्याच हातची, पत्रा आणि अँगल. दोन मुलं. तिचा कागद तिच्या नवऱ्याने मला काढून दिला होता, ती कपडे पोचवायला गेली असताना. तिला पत्ताच नव्हता. बारकी कागद घेऊन पुढे झाली तशी तिने इस्त्री उभी केली आणि फळीवरच्या डब्याकडे बघितलं. कागद त्या डब्याखाली ठेवला होता तिने. डबा उचलून बघितला. खाली काही नव्हतं.

माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मी हो म्हणणारच होते. शुक्रवारी येणारच होते. पण ते माझं मी सांगणार होते ना."

मी चुकलं म्हणालो. या वेळी कोणी सांगायच्या आत म्हणालो.

तिने कागद बारकीच्या हातातून घेतला, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. म्हणाली, बाई, आता मी या शुक्रवारी नाही येत. आता मला परत पहिल्यापासून विचार करू दे.

मी मनात मोजत होतो. ही पक्की होती. हिच्या तोंडूनच होकार आला होता, आत्ता, माझ्या कानांनी ऐकला. बारकीने एक शब्द टाकला असता, अगं, तू हो म्हणालीस ना, मग ये की, तर ती आली असती. बारकीची सोळा वर्षं त्या एका शब्दावर होती. ती म्हणाली, "बरं. सावकाश." आणि गाडीवर येऊन बसली.

मी वेल्डिंगचं काम करतो. लोखंड लाल होताना, पांढरं होताना रोज बघतो. कशाने काय वाकतं ते मला कळतं. पण माझ्या मागच्या सीटवर चाळीस किलोची जी बाई बसली होती ती कशाची आहे ते मला त्या दिवशी कळेना. पुढचा चौक येईपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी चालवत होतो.

शुक्रवारी शिबिर झालं. मी सकाळपासून फाटकाबाहेर उभा, आत जायची मला बारकीची मनाई होती. त्या दिवशी बायका स्वतःच्या पायांनी आल्या. कोणी जीपमधून नाही आणि कागद प्रत्येकीच्या स्वतःच्या हातात. मी आदल्या दिवशी ज्यांच्या दारात मान खाली घालून उभा होतो, त्यांतल्याही आल्या. एक जण माझ्याकडे बघून म्हणाली, दादा, आज कागद मीच आणलाय हं. सगळ्या हसल्या. मीही हसलो. दुपारी दोनपर्यंत बावीस झाल्या. मग कोणी आलं नाही.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. माझा पराक्रम आता बाहेर आला. मी बुधवारी फाटकात एकतीस म्हटलं होतं ना, तो आकडा त्यांनी त्याच संध्याकाळी वर कळवून टाकला होता. वरून शाबासकीही आली होती. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. घाम पुसत होता. म्हणाला, सिस्टर, नऊ कमी पडतात, सह्या झालेल्यांतली नऊ नावं घ्या, तुमच्या भावाने साक्षीने घेतल्या आहेत. नोंदवहीत टाका, पुढच्या शिबिरात त्या नऊ जणींना उरकून घेऊ. कोणाला कळणार आहे?

म्हणजे त्या नऊ जणींना पुढच्या वेळी नाही म्हणायची सोयच राहिली नसती. वहीत झालेलं असतं, फक्त अंगावर व्हायचं बाकी. हे मला तिथे कळलं नाही, बारकीने नंतर सांगितल्यावर कळलं. तिला तिथल्या तिथे कळलं होतं.

मी म्हटलं, साहेब, चूक माझी आहे, मी फेकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य बोललो. डॉक्टर म्हणाला, तुम्ही गप्प बसा. आणि बारकीकडे बघून म्हणाला, किती लिहू?

"बावीस," ती म्हणाली.

पंखा चालू होता. तरी ऐकू आलं. बाहेर शिपायालाही ऐकू आलं, त्याने मला नंतर सांगितलं.

सोमवारी हुकूम आला. तिने उभ्या उभ्या दोनदा वाचला, सही केली आणि सामान बांधायला लागली. मी भांडलो, मी वरपर्यंत जातो म्हटलं, माझी ओळख आहे म्हटलं. ती म्हणाली, दादा, तू आता कुठे जाऊ नकोस. आई म्हणाली, माझी खाट पण उचला, ही तिथे एकटी जेवायची नाही. खाट मीच केलेली, लोखंडी. चार माणसं लागली उचलायला.

उपकेंद्र म्हणजे खरंच एक खोली निघाली. एक टेबल, एक बाक, एक कपाट आणि दाराला फक्त बाहेरून कडी. बारकीने दार दोनदा लावून बघितलं. आत बाई आणि ती, आणि बाहेरून कोणीही ढकलावं असं ते दार. मला म्हणाली, याला आतून कडी लागेल.

मी त्याच दिवशी परत गेलो, मशीन टेम्पोत टाकलं आणि दुसऱ्या सकाळी आलो. चौकट लोखंडी होती, बरं झालं. दहा मिलिमीटरची सळई घेतली, दोन टाके जास्तच मारले. गार झाल्यावर ती आत गेली आणि कडी लावली. मी बाहेरून खांदा लावला.

"उघडलं का?" मी विचारलं.

आतून तिचा आवाज आला, "नाही. अजून जोरात ढकल."