धवलीचे नऊ गर्भ

"चोवीस वरां रावया गो बाय," असं म्हणत डॉक्टर हात पालथा करून हवेत हळूच दाबायचे, कढत भांड्यावर झाकण ठेवावं तसे. वरां म्हणजे तास. बदलीचा कागद आला, चोवीस तास थांबूया. छपरातून पाणी गळतंय, चोवीस तास थांबूया. एकदा पोदेर सकाळचे पाव टाकायला विसरला, तेव्हाही तेच. मी म्हटलं, "डॉक्टर, चोवीस तासांनी उद्याचे पाव येतील. आजच्या भुकेचं काय करू?" ते हसले. हसताना त्यांचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

तुमच्या ओळखीतही असा एखादा थांबणारा माणूस असेल. बहुतेकांचं थांबणं आळसाचं असतं. डॉक्टरांना ते कामाने लावलं होतं.

डिचोलीकडच्या एका प्रयोगशाळेत ते गायींचे गर्भ तयार करायचे आणि मी भांडी घासायची. काचेची भांडी, पण भांडीच ती. कारापूरहून सकाळची बस धरायची, आल्याबरोबर पदर खोचायचा आणि नळ्या धुवायला बसायचं. मी धुतलेली प्रत्येक नळी डॉक्टर उजेडात धरून बघायचे. मला तिडीक यायची. सासूने माझ्या हातचा तांब्या कधी असा बघितला नव्हता.

काम सांगायला सोपं आहे. गायीच्या पोटातून सुईने बीज काढायचं, काचेच्या ताटलीत बैलाच्या बीजाशी मिळवायचं आणि सात दिवस उबेच्या पेटीत ठेवायचं. सातव्या दिवशी डोळ्याला दिसेल न दिसेल असा गर्भ तयार होतो. तो दुसऱ्या गायीच्या पोटात ठेवायचा. पण त्या गायीलाही माजावर येऊन सात दिवस झालेले हवेत, मागेपुढे चालत नाही. गाय तयार नसेल तर गर्भ गोठवून ठेवायचा आणि ती तयार झाली की काढायचा.

इथेच घोडं अडायचं. गायीच्या पोटात वाढलेला गर्भ थंडी सोसतो, ताटलीतला सोसत नाही. डॉक्टरांनी मला भिंगाखाली दोन्ही दाखवले होते. गायीच्या पोटातला स्वच्छ, आरपार दिसणारा. आमचा काळपट, गुटगुटीत.

"चरबी," डॉक्टर म्हणाले. "थंडीत तूप थिजतं ना? हा तसा आतून थिजतो आणि फुटतो."

"मगे कमी खाऊक घाला तेका."

"तेच करतोय गो, आठ वर्षं."

आठ वर्षं खरंच तेच चाललं होतं. कधी ताटलीतला खुराक बदलायचा, कधी गोठवण्याआधी बारीक सुईने गर्भातलं पाणी सोडून द्यायचं, कधी नायट्रोजनमध्ये आणखी वेगाने बुडवायचं. बाहेर काढलेला गर्भ सुकलेल्या मनुकेसारखा दिसायचा. जिवंत असला तर एका दिवसात पाणी शोषून फुगायचा. नसला तर तसाच राहायचा. फुगलेल्याला डॉक्टर "उठला" म्हणायचे. बहुतेक उठायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वहीत लिहायचे, चष्मा पुसायचे आणि नव्याने सुरू करायचे. अशा माणसाला काय बोलायचं? मी चहा पुढे ठेवायची.

ते पेडण्याकडचे. लहानपणी मोपाच्या पठारावर गुरं राखलेली. आता तिथे विमानं उतरतात. डोक्यावरून विमान गेलं की डॉक्टर वर बघायचे नाहीत, मनगटावरचं घड्याळ बघायचे. "वेळेर आयलां," म्हणायचे. त्या पठारावर पूर्वी चरायच्या त्या गावठी पांढऱ्या गायी. अंगाने लहान, दुधाला बेताच्या, पण कातळावरचं गवत खाऊन टुणटुणीत. डॉक्टरांच्या गावात त्यातली एकही उरली नव्हती. ती जात राखावी हे त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठीच हा गोठवण्याचा सगळा आटापिटा. निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना त्यांना सोनूबाब भेटला.

सोनूबाब पेडण्यातल्याच एका गावचा, सत्तरीचा, एकटा. त्याच्याकडे धवली होती. शुभ्र, म्हातारी, गाभण राहणं बंद झालेली. दुसरी होती तांबू, तरणी, लालसर. डॉक्टर पहिल्यांदा गेले तेव्हा मीही डबे धरायला बरोबर होते. धवलीच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहिले ते उभेच. सोनूबाबने मला विचारलं, "हे डॉक्टर गुरांचे काय देवाचे?"

सोनूबाबची अट एकच. धवलीचं वासरू त्याच्याच गोठ्यात, तांबूच्याच पोटी जन्माला यायला हवं. डॉक्टरांनी शब्द दिला. मग त्याने दुसरी गोष्ट काढली. "धवलीचा बीज काढूक विचारूची गरज नाय. पण एकीचा पोर दुसरीच्या पोटात घालूचा म्हणजे देवाक विचारूक व्हया."

विचारायचं म्हणजे कौल. आमच्याकडे गावच्या देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, शेत, सगळं असंच ठरतं. डॉक्टर म्हणाले, "विचारा."

बीज काढून झालं. गर्भ पेटीत वाढू लागले, तांबूही दिवस धरून तयार केली. तिसऱ्या दिवशी सोनूबाब कौल घ्यायला गेला तर देवळाला कुलूप. पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत जुंपली होती, आणि भांडण मिटेपर्यंत चावी मामलेदाराकडे. हसू येतं ना? मलाही आलं होतं. देव आत, भक्त बाहेर, गर्भ डिचोलीला.

सातव्या दिवशी नऊ गर्भ तयार झाले. नऊ म्हणजे आमच्याकडे दिवाळीच. मी डॉक्टरांना म्हटलं, "देवाक मागीर सांगा. नाहीतर आपल्या फार्मातल्या दोन गायी तयार आहेत, त्यांच्यात घाला. वासरू नंतर सोनूबाबला देऊ."

"उतर दिलां गो," ते म्हणाले. उतर म्हणजे शब्द. "गोठवूया."

दिवसभर त्यांनी नऊच्या नऊ गर्भ स्वतःच्या हाताने गोठवले. हात जराही हलत नव्हता. त्यांचा चेहरा मात्र मला चमत्कारिक वाटला. वेळ टळल्याचं दुःख त्यावर नव्हतं. सणाच्या दिवशी नवा सदरा घातलेल्या माणसासारखे दिसत होते ते.

चार महिन्यांनी धवली गेली. सोनूबाबने तिला आपल्या कुळागरात, माडाखाली पुरलं. डॉक्टर पुरायला गेले होते. परत आले ते सरळ नायट्रोजनच्या डब्याकडे. झाकण उघडून किती भरलाय ते बघितलं, पुन्हा लावलं. मला म्हणाले, "आता इतकीच."

मग देऊळ उघडलं. सोनूबाबने पहिल्याच दिवशी कौल घेतला आणि उजवी पाकळी पडली. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका मोठा. गोठा शेणाने सारवून घेतला, तांबूला नवं दावं आणलं. आता तुम्ही म्हणाल, देवाने होय म्हटलं, डॉक्टर हुशार, मग काय राहिलं? मीही तसंच धरून चालले होते. त्या दिवसांत नळ्या धुताना मी चक्क गाणं गुणगुणायची.

तांबू तयार झाली तसे डॉक्टरांनी पहिले तीन काढले. उठलेला गर्भच तांबूच्या पोटात घालायचा असं त्यांनी ठरवलं होतं. दिवसभर थांबलो. उठले नाहीत. एकवीस दिवसांनी तांबूची पुढची पाळी. आणखी तीन. उठले नाहीत. त्या दोन पाळ्यांच्या मध्ये डॉक्टर जेवायचे की नाही कोण जाणे, शर्टाची गळपट्टी सैल झाली होती. शेवटच्या तिघांच्या वेळी ते भिंगाशी बसले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान बाजूला केली आणि मला बघायची खूण केली. तीन मनुका. एकही फुगलेली नाही. मला रडू आलं, आणि रडू येतंय याचा रागही आला.

त्यांनी माझ्यासमोरच सोनूबाबला फोन लावला. आडवळणाने काही सांगितलं नाही. नऊही गेले म्हणाले.

सोनूबाबने विचारलं, "देवान उजवी दिल्यान मगे?"

"दिली."

"मगे?"

"देवाची चूक नाय, सोनूबाब."

पलीकडून मग आवाज आला, "मगे ती माझी. माका विचारूक उशीर झालो."

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, पण त्याने फोन ठेवला होता.

दुपारी मी व्हरांड्यात चहा दिला तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "बाय, खरं सांगू? देवळाला कुलूप होतं हे खरं. पण मी एक शब्द टाकला असता तर सोनूबाब घरच्या देवापुढे नारळ ठेवून तयार झाला असता. मी टाकला नाही. आदल्या आठवड्यात फार्मातल्या जर्सीचे दोन उठले होते, आठवतं? मला वाटलं, जमलं. आता धवलीचे गोठवून, उठवून दाखवावेत, जायच्या आधी. त्याच्या श्रद्धेच्या आड लपलो मी."

मी त्यांना "असं म्हणू नका" म्हणायला हवं होतं. पण गोठवण्याच्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. मी कप उचलले आणि आत गेले. ते गप्प राहणं मला आजही टोचतं. त्या माणसाला त्या क्षणी खोटं का होईना, कुणीतरी काही बोलायला हवं होतं.

ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उबेची पेटी बंद केली, त्यांच्या टेबलावर आता कागदांचे गठ्ठे असतात. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टर वारले. हृदय बंद पडलं म्हणे. मला आठ दिवसांनी कळलं, ते बसमध्ये.

गेल्या महिन्यात सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. मागे तांबू उभी, शेजारी तिच्या शिंगाला धरून सोनूबाब. इस्त्रीचा सदरा घातला होता. मला बघून उतरला.

"डॉक्टर आसत?"

मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "ह्या खेपेक देवाक विचारूक नाय. माजार इली तेव्हापासून सात दिस मोजून हाडलंय."

पेडण्याहून इतक्या लांब, चढउतारात गाय उभी करून त्याने आणली होती. मी त्याला सावलीत बसवलं आणि डॉक्टर गेल्याचं सांगितलं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तेंच्या जाग्यार कोण आसा?"

"कोण नाय."

"धवलीचा काय उरला?"

"नऊच होते, सोनूबाब. नऊही गेले."

मग मी त्याला व्हरांड्यातलं बोलणं सांगितलं, डॉक्टर म्हणाले तसंच्या तसं. म्हटलं, निदान ह्याच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाय गो बाय. तो माणूस तसोच. दुसऱ्याची चूक आपल्या अंगार घेणारो. माका बरा वाटूचा म्हणान तू सांगतस."

मी पुन्हा सांगितलं. त्याला पटलं नाही.

टेम्पोवाला घाई करत होता. मी बादलीने तांबूला पाणी पाजलं. सोनूबाब तिच्या पाठीवर हात फिरवत प्रयोगशाळेच्या दाराकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"तू इतकी वर्षां तेंच्यावांगडा होतंस," तो म्हणाला. "तुका येना?"

"मी भांडी घासतंय, सोनूबाब," मी म्हटलं. "माका तितकाच येता."

त्याने मान डोलावली. टेम्पोचं मागचं फळकूट लावलं, कडी घातली आणि पुढे जाऊन बसला.