चाकणमार्गे घाटात, तेल प्यायलेल्या ब्रेकसह

गेली दहा वर्षं मी कंपनीच्या बसने थेरगावहून चाकणला जाते, आणि त्या रस्त्यावर दहा वर्षं झोपते. डिसेंबरच्या शेवटी कंपनीचा शटडाउन लागला तेव्हा ठरवलं, हा रस्ता एकदा जागेपणी बघायचा आणि बस जिथे वळते तिथे न वळता सरळ पुढे जायचं. राजगुरुनगर, चास, वाडा गाव, त्यापुढचा घाट. वर एक मुक्काम आणि परत. सायकलवर.

सायकल नवीन होती. घ्यायच्या विचारात असाल तर सांगते, दुकानदार तुम्हाला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक गळ्यात मारेल. वाईट नसतात, एका बोटाने सायकल थांबते. पण आडगावात त्याची नळी गळली तर काय करणार? मी डिस्क ब्रेकच, पण तारेवर चालणारे घेतले. हाताला जोर जरा जास्त लागतो, पण तार कुठेही मिळते आणि बसवायला डोकं लागत नाही.

घरी मी आणि बाबा. बाबांची उभी हयात कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना कशाला हात लावू देत नाही. "राहू द्या बाबा, मी करते," हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजलं तर मलाच लाज वाटेल. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते पार्किंगमध्ये सायकल पुसत बसलेले दिसले. बऱ्याच दिवसांनी कामात दिसले, म्हणून काही बोलले नाही.

पहाटे साडेपाचला निघाले. डांगे चौक, चिंचवड, भोसरी, मोशी. सुट्टी असली तरी कंटेनरना सुट्टी नसते, त्यामुळे मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि डावी कड सोडू नका. भोसरीच्या सिग्नलला ब्रेक केवढ्याने तरी किंचाळले आणि सायकल दोन हात पुढे जाऊन थांबली. नवे आहेत, बसतील हळूहळू, असं म्हणून मी पुढे गेले. माझं काम क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये आहे. दुसऱ्या कुणी असं कारण दिलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

कुरुळीत एक ट्रेलर गेटातून रस्त्यावर आला. मी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर मुठीत आले, सायकल चालतच राहिली. हँडल डावीकडे ओढलं आणि वाळूच्या ढिगात जाऊन बसले. ट्रेलर निघून गेला, त्याला पत्ताही नव्हता.

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे आजोबा उठून आले. मी धड आहे हे बघून त्यांनी सायकल उचलली.

"बिरेक न्हाई व्हय सायकलला?"

"आहेत की आजोबा. दोन आहेत."

"मग लावायचं की एखांदा."

तशातही हसू आलं. त्यांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मग मी चाकाच्या मधल्या पोलादी चकतीवर, डिस्कवर, बोट फिरवून पाहिलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला आणि ओळखला, बाबांच्या डबीतलं मशीनचं तेल. मशीन बंद ठेवायचं असेल, तर उघड्या पोलादावरून तेलाचा हात फिरवून ठेवायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. थंडीत दव पडतं, गंज धरेल, म्हणून माझ्या नव्या सायकलवर त्यांनी तेवढीच माया केली होती. राग आला, खोटं कशाला बोलू. फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

आजोबांनी चाकणच्या रशीदभाईंचा पत्ता दिला. तासभर सायकल ढकलत गेले. रशीदभाई पन्नाशीचे, दुकान खोलीभर, कंपन्यांमधले कामगार गिअरच्या सायकली त्यांच्याकडेच आणतात. त्यांनी चाक फिरवलं आणि वर पाहिलं.

"तेल कोणी लावलं, ताई?"

"मीच."

"तुम्ही नाही." ते डिस्कवर वाकले. "किती सारखा हात फिरवलाय बघा. एक थेंब जास्त नाही. लोखंडाची कदर असलेला माणूस आहे हा. फक्त याला कुणी सांगितलं नाही, की ब्रेकला तेल म्हणजे जहर."

मग मला सांगावंच लागलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

दोन्ही डिस्क त्यांनी स्पिरिटने धुतल्या, तीन वेळा, दर वेळी नवं फडकं घेऊन. डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड मात्र फेकले. "ते तेल पितात, मग वरून कितीही घासा." नवे पॅड घातले, ब्रेकचे दोन बोल्ट सैल केले, मला लिव्हर घट्ट दाबून धरायला लावलं आणि तसंच धरून बोल्ट आवळले. अशाने पॅड डिस्कच्या बरोबर समोर येतात. मग गल्लीत वीसेक फेऱ्या मारायला लावल्या. वेग घ्यायचा, ब्रेक दाबून चालण्याइतका कमी करायचा, सोडायचा. पूर्ण थांबायचं नाही. दहाव्या फेरीला पकड येऊ लागली, विसाव्याला भीती गेली.

"पुढची डिस्क केसभर वाकडी आहे, थोडी घासेल," ते म्हणाले. "धोका काही नाही. निवांत बसून, नजर लावून सरळ करायचं काम आहे." पैसे त्यांनी पॅडचेच घेतले. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "घाट उतरून आलात की सांगा, ब्रेक कसे चालले."

राजगुरुनगरला मिसळ खाल्ली, झणझणीत आणि शंभराच्या आत. चासच्या पुढे धरणाचं पाणी दिसतं आणि रस्त्याची गर्दी एकदम संपते. वाड्यात पाणी भरून घ्या, वर दुकानं तुरळक. घाटात मी अर्धा वेळ सायकलवर होते आणि अर्धा वेळ सायकल माझ्यावर. संध्याकाळी एका घरात खोली मिळाली, जेवणासकट सहाशे. पिठलं, भाकरी आणि मागितलं नसताना वाढलेला ठेचा. त्या माउलीचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट अजून आहे.

सकाळी उतार. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, डिस्क तापते. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. सायकल प्रत्येक वेळी मी सांगेन तिथे थांबली. पुढचं चाक तेवढं चर्र चर्र करत होतं, आणि त्या आवाजात मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. बाबांना सांगितलं, तर ते पुन्हा कशाला हात लावणार नाहीत. नाही सांगितलं, तर पुढच्या सहलीआधी पुन्हा तेल. चाकणला रशीदभाईंना ब्रेकची खबर दिली, कुरुळीत आजोबांना दोन्ही ब्रेक लावून दाखवले. थेरगाव येईपर्यंत मी एक छान थाप तयार केली होती.

बाबा दारातच होते. "सायकल कशी चालली?"

थाप गिळली. "बाबा, डिस्कला तेल लावायचं नसतं. कुरुळीत सायकल थांबली नाही."

"लागलं का तुला?"

"नाही."

ते खुर्चीवर बसले. "नव्या पोरांना मी सांगायचो, माहीत नसेल तर आधी विचारा," ते म्हणाले. "मी नाही विचारलं."

राहू द्या बाबा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सवयच ती. "पुढची डिस्क घासतेय," मी म्हणाले. "केसभर वाकडी आहे. मला ऐकू येतं, पण कुठे ते दिसत नाही. सरळ कराल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि मोरीत गेले. नळाचा आवाज कितीतरी वेळ येत होता. परत आले ते दोन्ही हात पुढे करून, आधी तळवे, मग पालथे.

"बघ गं, तेल राहिलं नाही ना कुठं?"

मी त्यांचे हात हातात घेतले आणि नखांपर्यंत नीट तपासले. सवलत दिली नाही. "नाही, बाबा. चालेल."

मग ते चाकासमोर मांडी घालून बसले आणि मी बॅटरी धरली.